कुलपाभोवतीची पांढरी कड

उन्हाळ्याची सुट्टी संपून कॉलेज उघडलं त्या सकाळी प्रसेनजितनं स्टोअररूममधल्या लोखंडी कपाटाला किल्ली लावायला हात पुढे केला आणि हात तिथंच थांबला. किल्लीच्या भोकाभोवती पांढरी कड उमटली होती. चुना म्हणावा तर चुना इथं कोण लावणार, आणि खडू म्हणावा तर खडूला फळा सोडून कुलपाशी काय काम. त्यानं बोट फिरवलं. बोटाला कोरडी, पिठूळ भुकटी लागली. बाहेर व्हरांड्यात अकरावीच्या प्रवेशाची झुंबड होती, कोणाचे तरी वडील मोठ्यानं "झेरॉक्स कुठं निंगते हो?" असं विचारत होते, फाट्यावरून रिसोडच्या बाजाराकडे निघालेल्या जीपचा हॉर्न खिडकीतून आत येत होता. त्या सगळ्या गलक्यात प्रसेनजितच्या डोक्यात एकच शब्द उभा राहिला. साबण. कोऱ्या किल्लीला ओला साबण फासायचा, ती कुलपात घालून फिरवायची, जिथं दात अडेल तिथला साबण खरवडला जातो, तिथं कानस मारायची. पुन्हा फासायची, पुन्हा फिरवायची. धीर असला की कुठलंही कुलूप उघडतं. हे त्याला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नव्हतं. धनजला, गावच्या घराच्या ओट्यावर बसून त्याच्या वडिलांनी, दौलतरावांनी, सांगितलं होतं, आणि तेही शिकवायचं म्हणून नव्हे.

त्यानं शर्ट वर केला. किल्ली करदोड्याला बांधलेली होती. चाळिशी उलटलेला, रसायनशास्त्राचा प्राध्यापक, घरी बायको आणि कॉलेजात जाणारी पोरगी असलेला माणूस कमरेच्या करदोड्याला किल्ली बांधून हिंडतो याचं बाकीच्यांना हसू येई. त्याची बायको नीता तर पहिल्या दिवशी पोट धरून हसली होती. "आमच्या आजीची तिजोरीची किल्ली अशीच होती, पण तिच्या तिजोरीत पाटल्या तरी होत्या," ती म्हणाली होती. "तुमच्या तिजोरीत काय, तर तेजाब." पण प्रसेनजितला पटवण्याच्या भानगडीत कोणी पडत नसे. तो ताकही फुंकून पिणाऱ्यांतला, आणि फुंकून झाल्यावरही पेला कोणी विसळला होता ते विचारणारा. किल्ली फिरली. नेहमीपेक्षा जरा कुरकुरत, जरा अडखळत फिरली. दार उघडल्याबरोबर नाकाशी एक उग्र भपकारा आला. त्या भपकाऱ्यात ओळखीचं असं काहीतरी होतं, अगदी लहानपणचं, अंगणातलं, पण ते नीट आठवेना आणि आठवायला त्याला सवडही नव्हती. त्याची नजर बाटल्यांवर गेली होती. हायड्रोक्लोरिकची बाटली मे महिन्यात त्यानं स्वतः ठेवली तेव्हा खांद्यापर्यंत भरलेली होती. आता ती चांगली बोटभर उतरली होती. शेजारी अमोनियाची, तीही उतरलेली. सगळ्या बाटल्यांवर सुट्टीची धूळ बसली होती. धुळीकडे त्यानं पाहिलं आणि सोडून दिलं. माणूस चोर शोधायला लागला की केराकडे त्याचं लक्ष राहत नाही.

दुसऱ्या कोणी हाक मारून लोक गोळा केले असते. प्रसेनजितनं दार लोटलं, कुलूप लावलं, शर्ट खाली केला आणि खुर्चीत बसून राहिला. ओरडायचं कोणाच्या नावानं? किल्ली एकच, आणि ती त्याच्या कमरेला. म्हणजे बाटली उतरली तर पहिलं बोट त्याच्याकडेच येणार. हिवाळ्यात स्टाफ मीटिंगमध्ये प्राचार्य म्हणाले होते, "तेजाब कॉलेजाबाहेर गेलं अन् कुठं काही भलतंसलतं झालं, तं पहिलं नाव तुमचं येईन, सर." कुठल्या तरी दूरच्या गावात एका पोरीच्या तोंडावर काही फेकलं होतं, पेपरात आलं होतं, तेव्हाचं हे बोलणं. प्राचार्य सहज बोलले असतील. विभागप्रमुखाचंच नाव येणार, दुसऱ्या कोणाचं येणार? पण "तुमचं" हा शब्द प्रसेनजितनं घरी नेला, जेवताना पुढ्यात घेतला, उलटापालटा करून पाहिला. तुमचं म्हणजे विभागाचं, की तुमचं म्हणजे आमचं, बुद्धवाड्यातल्यांचं? आणि मग परीक्षा संपताच त्यानं सगळ्या फळ्यांवरच्या, सगळ्या कोपऱ्यांतल्या बाटल्या त्या एका लोखंडी कपाटात आणून कोंबल्या होत्या, कारण खऱ्या कुलपाचं कपाट तेवढं एकच होतं. आम्लं, अमोनिया, स्पिरिट, जे जे कोणाच्या हाती लागू नये ते सगळं. चंपाबाईनं, म्हणजे प्रयोगशाळेच्या परिचर बाईनं, दिवसभर बाटल्या वाहून दिल्या होत्या. पदर खोचून, एकेक बाटली लेकरासारखी दोन्ही हातांत धरून.

चंपाबाई. हे नाव मनात आलं आणि तिथंच रेंगाळलं, आणि ते रेंगाळलं याची त्याची त्यालाच लाज वाटली. रोज सकाळी शिरपूरकडून येणाऱ्या गाडीनं ती यायची, पिशवी खुंटीला अडकवायची आणि दारातूनच "जय भीम, सर" म्हणायची. साऱ्या कॉलेजात त्याला जय भीम म्हणणारी ती एकटी. बाकी सगळे नमस्कार म्हणायचे, गुड मॉर्निंग म्हणायचे, आणि त्यात वाईट काही नव्हतं, पण त्या दोन शब्दांनी त्याचा दिवस घरच्यासारखा सुरू व्हायचा. ती घेणार नाही, त्यानं स्वतःला सांगितलं. पण घेणारा मग कोण? भौतिकशास्त्राचे फुलचंदसर मधल्या सुट्टीत इथं येऊन बसतात, त्यांच्या मेव्हण्याचं सराफीचं दुकान आहे, आणि सोन्याच्या कामाला आम्ल लागतं. ठीक आहे, पण मग अमोनिया कशाला? अमोनिया खेड्यातले लोक विंचवाच्या दंशावर लावतात. संडास धुवायला आम्ल आणि विंचवाला अमोनिया, असं दोन्ही एका घरात कोणाला लागत असेल? विचार फिरून फिरून पुन्हा शिरपूरच्या गाडीशी येऊन थांबायचा. त्याच दिवशी दुपारी फुलचंदसर आले, चहाचा कप टेबलावर ठेवून म्हणाले, "काय सर, किल्ली करदोड्यालेच हाय का अजून?" आणि प्रसेनजितनं त्यांच्या तोंडाकडे इतका वेळ पाहिलं की बिचाऱ्यांनी कपाचा कान सोडून हनुवटीवर हात फिरवला, काही लागलंय की काय म्हणून. किल्ली कुठं आहे हे याला कसं ठाऊक? खरं तर सगळ्यांना ठाऊक होतं, कारण कपाट उघडायचं म्हटलं की सरांना शर्ट वर करावा लागतो हे पोरंसुद्धा एकमेकांना सांगत.

आणि नेमकं त्याच आठवड्यात कपाटं घ्यायचं निघालं. वरून पत्र आलं होतं, प्रयोगशाळेतली रसायनं सुरक्षित कपाटांत ठेवा, निधी मंजूर आहे. निवड विभागप्रमुखानं करायची आणि सहीही त्याचीच. अकोल्याहून गोविंदसिंग नावाचा विक्रेता आला. पांढरा शर्ट, केसांना मेंदी, बोलणं साखरेत घोळलेलं. त्यानं रंगीत पानांचं पुस्तक टेबलावर उघडलं. "ये देखो साहेब. हे पिवळं, पेट घेणाऱ्या मालासाठी. दोन पत्र्यांचं, मधात पोकळी. बाहेर आग लागली तं आतला माल लवकर तापत नाही. दार आपोआप लागते. हे निळं, तेजाबाचं. याच्यात लोखंडाचा खिळासुद्धा नाही, सारं प्लास्टिक. वाफ बाहेर जायले मागून पाइप." प्रसेनजितनं निळ्या कपाटावर बोट ठेवलं. "कुलूप?" "हाय ना. हे काय." "हेही प्लास्टिकचं?" "तेजाबाजवळ लोखंडाचं कुलूप टिकत नाही साहेब, वाफ खाऊन टाकते." "प्लास्टिकचं कुलूप कोणतंही पोट्टं दाताने काढीन," प्रसेनजित म्हणाला. त्यानं पानं उलटली. त्याला एक जाड, करडं, लोखंडी कपाट आवडलं. ते रसायनांचं नव्हतंच, दप्तर ठेवायचं होतं, पण त्याच्या दाराला वर, मध्ये, खाली अशी कुलपं होती. गोविंदसिंगनं पुस्तकावरून नजर उचलली आणि जरा अंदाज घेत विचारलं, "साहेब, एक पुसू का? तुमाले कपाट आगीसाठी पायजे, का माणसासाठी?"

त्या प्रश्नानं प्रसेनजित चपापला. ह्याला काय माहीत? ह्याला कोणी सांगितलं? फाटकातून आत येताना फुलचंदसर ह्याच्याशी बोलत उभे होते, ते त्यानं खिडकीतून पाहिलं होतं. नुसता पत्ता विचारत असेल. पण पत्ता विचारायला इतका वेळ लागतो? "दोन्हीसाठी," तो म्हणाला. "दोन्हीसाठी एक कपाट नसते, साहेब," गोविंदसिंग हसून म्हणाला. "आगीसाठी हवा खेळती लागते. माणसासाठी बंद लागते." प्रसेनजितला ते हसणं आवडलं नाही. ज्याला दोन कपाटं खपवायची असतात तो एकाची बढाई मारत नाही, हे त्याला कळत होतं. त्यानं पुस्तक ठेवून घेतलं आणि विचार करून सांगतो म्हणून त्याला वाटेला लावलं. प्राचार्यांचंही मत पडलं, "एकच मोठं घ्या सर, मजबूत. सारा माल एका जागी, एक किल्ली, एक माणूस जबाबदार." त्यात "एक माणूस" म्हणताना त्यांनी प्रसेनजितकडे पाहिलं, आणि ते पाहणं तो त्या संध्याकाळी घरी घेऊन गेला. नीतानं भाकरी वाढता वाढता विचारलं, "पुन्हा कोण काय म्हणालं?" तो म्हणाला, "कोणी काही नाही." ती म्हणाली, "तुम्हाला कोणी काही म्हणायची गरजही नसते," आणि वरणाची वाटी पुढे सरकवली.

दौलतराव कारंज्याच्या एका कापसाच्या गोदामावर राखणदार होते. धनजहून सायकलवर जायचे, गोदामाच्या फाटकाशी स्टुलावर बसायचे. एका वर्षी गोदामातून सरकीची पोती जायला लागली. कुलूप जिथल्या तिथं आणि पोती गायब. त्या वर्षापासून रोज संध्याकाळी राखणदाराची झडती सुरू झाली, बाकी कोणाची नाही, राखणदाराची. धोतराच्या सोग्यात पोतं मावत नाही, एवढं मुनीमजीला कळत नव्हतं असं नाही. पुढं निघालं ते असं, की मुनीमाचाच भाचा कोऱ्या किल्लीला साबण फासून रोज थोडी थोडी कानस मारत होता. भाच्याला गावी पाठवून दिलं, प्रकरण मिटलं, पण झडती काही कोणी मिटवली नाही, तिची सवय झाली होती. प्रसेनजित शाळेच्या सुट्टीच्या दिवशी डबा घेऊन जायचा तेव्हा त्यानं ते पाहिलं होतं. मुनीम हाक मारायच्या आधीच बाप उठायचा, कोटाचे दोन्ही खिसे बाहेर काढायचा, आणि ते पांढरे अस्तराचे खिसे शेळीच्या कानांसारखे दोन बाजूंना लोंबत राहायचे. पोरगा तोंड फिरवून सायकलच्या घंटीशी चाळा करायचा. एकदा मुनीमजी घाईत होता, म्हणाला, "जाय दौलत, आज नाही पाह्यत." बाप हलला नाही. खिसे तसेच बाहेर. "पाहून घ्या मुनीमजी. पाह्यल्याबिगर नाही जात मी. उद्या काही गेलं तं तुमी म्हणसान, त्या दिवशी पाह्यलं नव्हतं." मुनीमानं कंटाळून दोन बोटं घालून पाहिलं, तेव्हा कुठं बापानं खिसे आत घेतले. त्या वेळी पोराला बापाचा राग आला होता. जा म्हणतो तर जावं ना! आपणहून काय उभं राहायचं? तो राग आता इतक्या वर्षांनी पुन्हा वर आला, आणि नेमका कोणाचा आला हे त्याला सांगता आलं नसतं.

पांढरी कड त्यानं ओल्या फडक्यानं पुसून काढली होती. चार-सहा दिवसांत ती पुन्हा उमटली. फिकट, पण होती. म्हणजे अजून चालूच आहे, किल्ली अजून नीट बसायची आहे. त्या दिवशी जाताना चंपाबाई खुंटीवरची पिशवी काढत होती, आणि पिशवीच्या तोंडातून साबणाच्या वडीचा हिरवा कोपरा त्याला दिसला. डोळ्यांना दिसला आणि तोंडातून शब्द निघाले, मधे विचाराला जागाच उरली नाही. "चंपाबाई, पिशवी पाहू." ती थांबली. "काय म्हणता सर?" "पिशवी. इकडं ठेवा." तिनं पिशवी टेबलावर ठेवली आणि दोन पावलं मागे जाऊन उभी राहिली. डबा, चष्म्याचं घर, लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेल्या बीपीच्या गोळ्या, पाण्याची बाटली, साबण. साबण त्यानं उचलला. एका अंगाला तो खरवडल्यासारखा होता. त्यानं तो उजेडात धरला, उलटा केला, अंगठ्यानं खाच चाचपली. "हा असा काहून झाला?" "दोऱ्याने कापला सर. अर्धी वडी सुनेले देल्ली." "कॉलेजात साबण कायले लागते?" "तुमच्या बाटल्या धुऊन हात खाजवतात," ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीचाच होता. मग त्यानं साबण ठेवला, पिशवी तिच्याकडे सरकवली, आणि काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाला, "नियम आहे आता." तिनं मान हलवली. पिशवी भरली. दाराशी जाऊन वळली नाही.

दुसऱ्या दिवशी ती वेळेवर आली, पिशवी खुंटीला अडकवली, आणि दारातून म्हणाली, "नमस्ते, सर." प्रसेनजित वहीत मान घालून बसला होता. त्याला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नसेल. त्यानं मान वर केली तोवर ती बादली घेऊन गेली होती. संध्याकाळी निघायच्या वेळी ती त्याच्या टेबलापाशी आली आणि तिनं पिशवी उलटी केली. डबा घरंगळला, गोळ्यांची पुडी पडली. साबण नव्हता. ती उभी राहिली. तो म्हणाला, "राहू द्या हो." ती उभीच. त्यानं पाहिल्यासारखं केलं, तिनं गोळा करून भरलं, गेली. त्याच्या पुढच्या दिवशी तेच. आणि ह्या बाबाचं डोकं कसं चालतं पाहा! माणसाच्या काळजात काट्यासारखं रुतावं असं रोज डोळ्यांसमोर घडत होतं, त्याला रुततही होतं, झोप लागत नव्हती, आणि तरीही मनाचा एक कोपरा म्हणत होता, साबण काहून बंद केला हिनं? काही नव्हतं मनात, तर आणत राहिली असती. संशय एकदा घरात शिरला की तो असा जावयासारखा बसतो, काहीही वाढा, त्याला कमीच. करड्या कपाटाचा मागणीचा कागद त्यानं भरून ठेवला, सही तेवढी करायची राहिली. आम्ल, अमोनिया, स्पिरिट, सगळं त्या एका जाड पोटात जाईल, वर कुलूप, मध्ये कुलूप, खाली कुलूप. मग कोणी फासू देत किती फासायचा तो साबण.

अकरावीचा पहिला प्रयोग तो दरवर्षी तोच दाखवतो. काचेची लांब नळी आडवी धरायची. एका तोंडाला हायड्रोक्लोरिकमध्ये बुडवलेला कापूस, दुसऱ्या तोंडाला अमोनियातला. आणि वाट पाहायची. नवीन पोरं असतात, आधी हसतात, ढकलाढकली करतात, मग नळीत काहीच होत नाही म्हणून गप्प होतात, आणि मग होतं. मधेच कुठंतरी, आम्लाच्या बाजूला जरा जवळ, एक पांढरं वलय उमटतं. दोन अदृश्य वाफा नळीतून चालत येऊन भेटतात आणि जिथं भेटतात तिथं पांढरी भुकटी होते. ह्या जागी प्रसेनजितची एक ठरलेली थट्टा आहे, वर्षानुवर्षांची. तो भुवया वर करतो, आवाज चढवतो, फौजदारासारखा पोरांवर नजर फिरवतो आणि विचारतो, "हे कोणं टाकलं? कोण शिरलं होतं नळीत? बोला!" पोरं म्हणतात, "कोणी नाही, सर!" मग तो म्हणतो, "मंग आलं कुठून?" आणि शिकवायला लागतो. ह्या वर्षी चंपाबाईनं कापूस भिजवून दिले, बाजूला भिंतीशी जाऊन उभी राहिली. पोरं गप्प झाली. वलय उमटलं. प्रसेनजितनं भुवया वर केल्या, आवाज चढवला. "हे कोणं टाकलं?" तो म्हणाला, "कोण शिरलं होतं..." आणि पुढचा शब्द त्याच्या तोंडातून आला नाही.

"कोणी नाही, सर!" पोरं सुरात ओरडली. तो नळीकडे पाहत राहिला. काचेच्या गोल भिंतीला चिकटलेली गोल, पांढरी, पिठूळ कड. आणि आता एकदम तो वासही आठवला, ज्याच्यासाठी त्या दिवशी सवड नव्हती. धनजच्या अंगणात कल्हईवाला बसायचा, तापलेल्या भांड्यात चिमूटभर नवसागर टाकायचा, आणि भस्सकन पांढरा धूर उठून नाकाला झोंबायचा. सगळी पोरं मागे पळायची आणि पुन्हा जवळ यायची. नवसागर. हेच ते. आम्लाची वाफ आणि अमोनियाची वाफ. काचेची बुचं, मे महिन्याचं ऊन, बंद खोली, बंद कपाट. जुनी जागा सोडवून त्यानंच दोघांना उचलून एकमेकांशेजारी बसवलं होतं, आणि वर कुलूप लावलं होतं, आणि वाफेला बाहेर पडायला किल्लीच्या भोकाखेरीज जागा ठेवली नव्हती. बाटल्यांवरची ती धूळ! बंद कपाटात धूळ येते कुठून, हा प्रश्न बारावी नापास पोराला पडला असता, त्याला नव्हता पडला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, पण त्याचा वळसा साध्या वाटेवरून गेला नव्हता, तो एका बाईच्या पिशवीतून गेला होता. "सर, मंग आलं कुठून?" समोरच्या बाकावरच्या पोरीनं विचारलं. प्रसेनजितनं शिकवायला सुरुवात केली. काय शिकवलं ते त्याला नंतर आठवलं नाही. भिंतीशी चंपाबाई उभी होती आणि तिच्याकडे पाहायचं त्यानं तास संपेपर्यंत टाळलं.

तास सुटल्यावर त्यानं कपाट उघडलं. ह्या वेळी त्यानं पाहिलं. बाटल्या बाटल्यांसारख्या दिसतच नव्हत्या, पिठात लोळवून काढल्यासारख्या होत्या. बिजागऱ्या तांबारल्या होत्या, एकीला नखानं टोकरलं तर खपली निघाली. आतून कुलपाचा दांडा खाऊन अर्धा झाला होता. आणखी एक उन्हाळा गेला असता तर हे कुलूप साबण, कानस, भाचा कोणाचीही वाट न पाहता आपणहून गळून पडलं असतं. आणि स्पिरिटच्या बाटलीला खेटून नायट्रिकची बाटली बसली होती. तीही त्यानंच बसवली होती. ती जर स्पिरिटवर कलंडली असती, दोन्हींनी मिळून पेट घेतला असता, आणि इथं पोरं असती तर? तो स्टुलावर बसला. मागणीचा कागद त्यानं खिशातून काढून फाडला, आणि गोविंदसिंगला फोन लावला. निळं कपाट आम्लांचं, पिवळं स्पिरिटचं, नायट्रिकला वेगळा कप्पा, अमोनिया सगळ्यांपासून लांब, खिडकीपाशी. "अन् कुलूप साहेब?" पलीकडून विचारलं गेलं. "जे हाय ते राहू द्या," तो म्हणाला. प्राचार्यांच्या खोलीत जाऊन त्यानं जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. प्राचार्य ऐकत राहिले, मग म्हणाले, "असं होय? मले तं काही कमी झालं हेच माहीत नव्हतं." म्हणजे इतके दिवस त्याच्यावर कोणी संशय घेतलाच नव्हता. हे ऐकून त्याला हायसं वाटायला हवं होतं, पण उलट जास्तच लाज वाटली.

दुपारभर चंपाबाई आणि तो बाटल्या काढत होते. ती ओल्या फडक्यानं एकेक पुसायची, तो एकेक वेगळ्या जागी नेऊन ठेवायचा. मध्येच त्यानं सांगितलं. साबण, किल्ली, कानस, सगळं. पांढरं कशाचं निघालं तेही. ती पुसत राहिली. "मले वाटलंच तुमाले काही तरी गवसत नाही म्हणून," ती एवढंच म्हणाली. "चुकलं माझं, चंपाबाई." "होते," ती म्हणाली, आणि फडकं पिळलं. पुसून झाल्यावर ती नळाखाली हात धूत होती. नुसत्या पाण्यानं. बोटांच्या पेरांवर लाल चट्टे उठले होते, ती दुसऱ्या हातानं हळूहळू खाजवत होती. प्रसेनजितला वाटलं, पळत जाऊन बाजारातून साबण आणावा. पण आणून तिच्या हाती तो कोणत्या तोंडानं ठेवायचा, हे त्याला सुचेना.

निघायची वेळ झाली. खुंटीवरची पिशवी घेऊन ती टेबलापाशी आली आणि तिनं ती उलटी केली. डबा, चष्म्याचं घर, गोळ्यांची पुडी. "चंपाबाई, आता कशाला?" तो उठून उभाच राहिला. "सांगितलं ना मी, कोणी काही नेलं नव्हतं. आता नाही पाहायची पिशवी. कधीच नाही." ती हलली नाही. तिनं दोन्ही हात पोटाशी धरले होते. "पाहून घ्या, सर." "अहो, पण..." "आज बाटल्या उघड्यावर हायेत. उद्या एखादी कमी झाली तं? तवा तुमी म्हणसान, त्या दिवशी पाह्यली नव्हती." प्रसेनजितच्या कानात सायकलची घंटी वाजल्यासारखी झाली. "जय भीम, चंपाबाई," त्याच्या तोंडून निघालं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं ते आधी म्हटलं होतं. "पहिले पिशवी पाहा," ती म्हणाली.

बाहेर शिरपूरच्या गाडीचा हॉर्न वाजला. ती गाडी चुकली तर तिला मागच्या गाडीसाठी फाट्यावर ताटकळावं लागलं असतं, तरी तिनं खिडकीकडे पाहिलं नाही. लहानपणी तोंड फिरवता आलं होतं, इथं फिरवायला जागा नव्हती. तो वाकला. त्यानं डबा उघडून पाहिला, त्यात भाकरीचा तुकडा आणि ठेच्याचा डाग होता. चष्म्याचं घर उघडलं. गोळ्यांची पुडी उलगडून पुन्हा गुंडाळली. पिशवी हातात घेऊन आत हात घातला, कोपरे चाचपले, मुनीमासारखी दोन बोटं घालून नव्हे, सगळा हात घालून. काहीही नव्हतं. एकेक वस्तू त्यानं आपल्या हातानं परत भरली आणि पिशवी तिच्यापुढे धरली.

"पाह्यली?"

"पाह्यली."

"मंग जय भीम, सर," ती म्हणाली, आणि पिशवी खांद्याला लावून गाडीकडे चालू लागली.